लसिकावाहिनीलाही स्वतःचे ठोके असतात

अनुस्पंद

माझी आजी मौदा तालुक्यातली. तिच्या डाव्या पायाला हत्तीपाय होता. लहानपणी मी विचारायची, आजी, पायात काय भरलंय गं? ती म्हणायची, "पाणी उतरलंय बाई." गावात सगळे हेच म्हणत. उतरलेलं पाणी रोज वर कोण नेत होतं आणि ते न्यायचं का थांबलं, हे मात्र तेव्हा मला विचारावंसं वाटलं नाही.

आता मी नागपुरात फिजिओथेरपीच्या मुलांना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. गेल्या महिन्यात लसिकासंस्थेचा धडा चालू होता. आमच्या पुस्तकात लसिका पुढे कशी जाते यावर दोनच ओळी आहेत: आजूबाजूचे स्नायू दाबतात, श्वासाची मदत होते, झडपांमुळे ती मागे येत नाही. मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "मॅडम, मग गाढ झोपेत काय होतं?" त्या दोन ओळींत जे सुटलंय ते लिहायला हा धागा काढते आहे.

केशवाहिन्यांतून द्रव सतत बाहेर पाझरतो. तो गोळा करून परत रक्तात सोडायचं काम लसिकावाहिन्यांचं; त्यांच्यात शिरलेल्या या द्रवालाच लसिका म्हणतात. हे काम माणसात दिवसाला काही लिटरचं आहे. अगदी सुरुवातीच्या लसिका-केशिका म्हणजे एका टोकाला बंद असलेल्या बारीक बोळी. त्यांच्या भिंतीत स्नायू नसतो. भिंतीतल्या पेशींच्या कडा कौलांसारख्या एकमेकींवर चढलेल्या असतात. बाहेर द्रव साठला की कौल उचललं जातं आणि द्रव आत शिरतो. आतला दाब वाढला की कौल खाली बसतं.

पुढे या बोळी एकत्र येऊन मोठ्या संग्राहक वाहिन्या बनतात, आणि तिथे भिंतीत स्नायूपेशी येतात. वाहिनीभोवती वळसे घेतलेल्या, एक ते तीन थरांच्या. ठरावीक अंतरावर दोन पाकळ्यांची झडप असते. दोन झडपांमधल्या तुकड्याला लिंफॅन्जिऑन म्हणतात. हा तुकडा भरतो, आकसतो, पुढच्या तुकड्यात रिकामा होतो आणि सैल पडून पुन्हा भरतो. मिनिटाला काही वेळा, रात्रंदिवस, झोपेतसुद्धा. मेंदूच्या हुकमाची वाट पाहावी लागत नाही. प्राण्याच्या शरीरातून काढलेली वाहिनी योग्य द्रावणात, योग्य तापमानाला ठेवून आतून थोडा दाब दिला, तरी तिचे ठोके चालू राहतात.

---

उमरेडकर

मॅडम, माह्या समजुतीसाठी विचारतो. आमच्या विहिरीतल्या पाइपाले खाली फूट व्हॉल्व्ह असते. त्यात कचरा अडकला का पाइपातलं सारं पानी परत विहिरीत उतरून जाते. मंग मोटर नुसती फिरते, पानी काई येत नाई. तुमी सांगून राह्यल्या ते तसंच हाय का? माह्या मायचा पाय सात-आठ वर्षांपासून सुजते. सकाळी कमी, संध्याकाळी टम्म. डॉक्टर म्हणे हत्तीपाय नाई, पण तरास लसिकेचाच हाय.

---

अनुस्पंद

भाऊ, फूट व्हॉल्व्हचं उदाहरण मी उद्या वर्गात सांगणार. फरक दोन. तुमच्या पाइपाला व्हॉल्व्ह एक आणि मोटर एक. इथे दर काही मिलिमीटर-सेंटिमीटरला एक व्हॉल्व्ह, आणि दोन व्हॉल्व्हमधला प्रत्येक तुकडा स्वतःच मोटर.

याचा फायदा बघा. उभ्या माणसाच्या घोट्यापासून छातीपर्यंत १२० सेंटिमीटर धरले, तर तेवढ्या उंचीच्या पाण्याच्या स्तंभाचा दाब साधारण ८८ मिलिमीटर पारा होतो. एवढा भार एका बारीक नळीने एका दमात उचलणं अशक्य. झडपा त्या स्तंभाचे तुकडे पाडतात. खालच्या तुकड्याला लसिका फक्त वरच्या शेजाऱ्याच्या दारापर्यंत पोचवायची असते.

झडप निकामी झाली, किंवा वाहिनी इतकी फुगली की पाकळ्या एकमेकींना टेकतच नाहीत, तर दोन तुकड्यांचा एक होतो आणि खालच्या स्नायूवर दुप्पट उंचीचा भार येतो. तो काही काळ जोर लावतो. मग थकतो, ताणला जातो आणि शेवटी ठोकेच मंदावतात. हृदय थकण्याची गोष्ट आपल्याला माहीत आहे. इथे तेच घडतं, फक्त सुतळीपेक्षा बारीक नळीत.

---

इंटर्न_वॉर्ड

मॅडम, आदर ठेवून असहमत. आम्हाला पोटरी हेच दुसरं हृदय असं शिकवलं. रुग्णाला चालायला लावलं की सूज उतरते, हे मी वॉर्डात रोज बघतो. नळीच्या स्वतःच्या ठोक्यांना इतकं महत्त्व द्यावं का?

---

अनुस्पंद

पोटरीचं दुसरं हृदय हे शिरांबद्दल शिकवलं जातं, आणि तिथे ते बरोबरच आहे. लसिकेचं वेगळं आहे. १९८० साली ओल्शेव्स्की आणि एंगेसेट यांनी निरोगी माणसांच्या पायातल्या लसिकावाहिनीत बारीक नळी घालून दाब आणि प्रवाह मोजला. लसिका पुढे सरकत होती ती वाहिनीच्या स्वतःच्या आकुंचनाबरोबर. पाऊल हलवलं की प्रवाह वाढायचा, कारण लसिका जास्त तयार होते, नळी जास्त भरते, म्हणून ठोके वाढतात.

म्हणजे तुमचं निरीक्षण खरं आहे. रुग्णाला चालवाच. चालण्याने त्या नळीला भरायला माल मिळतो. आणि वाहिनी आधीच अडलेली, फुगलेली असेल तर बाहेरून मिळणारा दाब आणखी मोलाचा, कारण आतली मोटर अपुरी पडते.

---

निवृत्त_प्राणीशास्त्र

अनुस्पंदताई, छान धागा. मी पस्तीस वर्षं अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवलं. त्या काळी प्रात्यक्षिकाला बेडूक असायचा, आता विच्छेदन बंद झालं आणि ते योग्यच झालं. पण एक गोष्ट मुलांना दाखवायची माझी नेहमी धडपड असे. भूल दिलेल्या बेडकाच्या पाठीमागे, शेपटीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना त्वचेखाली बारीक उडताना दिसतं. ती त्याची लसिका-हृदयं. खरी, रेखित म्हणजे पट्टेदार स्नायूंची, छातीतल्या हृदयाच्या तालाशी संबंध नसलेली. १८३० च्या दशकात योहानेस म्युलर यांनी त्यांचं वर्णन केलं.

सस्तन प्राण्यांत अशी वेगळी लसिका-हृदयं उरली नाहीत. मी मुलांना सांगायचो की ती गेली. आज तुमचं वाचून वाटतं, गेली नाहीत, सगळ्या नळीभर वाटली गेली. इतकी वर्षं "गेली" असं शिकवल्याची रुखरुख लागली.

आणखी एक. १६२२ साली मिलानमध्ये गास्पारे आसेल्ली यांनी नुकत्याच जेवलेल्या कुत्र्याच्या आतड्याच्या पडद्यात दुधासारख्या पांढऱ्या नळ्या पाहिल्या. तोच कुत्रा उपाशी असता तर त्या नळ्या दिसल्या नसत्या, कारण तो पांढरा रंग अन्नातल्या स्निग्धाचा.

---

पिपेट

मॅडम, सर, मी एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि सेमिनारसाठी हाच विषय घेतलाय, त्यामुळे राहवत नाही. या पेशी नक्की कोणत्या जातीच्या? रक्तवाहिन्यांतल्या स्नायूंसारख्या की हृदयासारख्या?

---

अनुस्पंद

पिपेट, याच प्रश्नासाठी मी धागा काढला असं समज. निवांत लिहिते.

सूक्ष्मदर्शकाखाली त्या अरेखित स्नायूच दिसतात. पट्टे नाहीत, टोकाला निमुळत्या. पण वागणं दोन प्रकारचं. धमनीच्या भिंतीतला स्नायू बराच काळ एक ताण धरून ठेवतो. लसिकेचा स्नायू असा ताण धरतोच, वर झटक्याने आकसून लगेच सुटतोही, हृदयासारखा. २००३ साली टेक्ससमधल्या एका गटाने उंदरांच्या लसिकावाहिन्यांतली प्रथिनं तपासली, तेव्हा अरेखित स्नायूंच्या मायोसिनच्या (आकुंचन घडवणाऱ्या प्रथिनाच्या) जोडीला हृदयाच्या स्नायूत सापडणाऱ्या मायोसिनचीही खूण मिळाली. एकाच पेशीत दोन घराण्यांची अवजारं. मला हे फार सुंदर वाटतं. शरीराने नवा स्नायू घडवण्याऐवजी घरातलीच दोन अवजारं एका हातात दिली.

आता ठोका सुरू कसा होतो. पेशीच्या आत कॅल्शियमची कोठारं असतात. त्यांच्या दारांपैकी एक म्हणजे आयपी-थ्री रिसेप्टर. तिथून थोडं कॅल्शियम बाहेर सुटतं. त्या कॅल्शियमने पेशीच्या पडद्यातली अ‍ॅनो-वन नावाची क्लोराइडची वाट उघडते. या पेशीत क्लोराइड आधीच साचलेलं असतं, म्हणून ते बाहेर पडतं. ऋण प्रभार बाहेर गेला की पडद्यावरचा विद्युतभार हळूहळू चढतो. ठरावीक उंबरठा ओलांडला की एल-टाइप कॅल्शियम चॅनेल, म्हणजे पडद्यातल्या कॅल्शियमच्या वाटा, उघडतात, बाहेरचं कॅल्शियम भसकन आत येतं आणि पेशी आकसते. मग सगळं आवरलं जातं, आणि कोठारातून पुन्हा थोडं कॅल्शियम सुटू लागतं.

वाहिनी आतून ताणली की ही चढण उभी होते, ठोके लवकर लवकर पडतात. म्हणूनच भरलेली वाहिनी जास्त वेगाने चालते. उंदरांच्या स्नायूपेशींतून अ‍ॅनो-वन काढून टाकलं तेव्हा ठोके मंदावले आणि दाब वाढवूनही वेग वाढेना. म्हणजे दाब ओळखण्याचं काम याच वाटेवर अवलंबून आहे.

एक पेशी आकसून भागत नाही, सगळ्या तुकड्याने एकदम आकसायला हवं. शेजारच्या पेशींमध्ये कनेक्सिन-४५ या प्रथिनाचे बारीक पूल असतात, त्यातून विद्युत इशारा पुढे पळतो. हे पूल काढले की प्रत्येक भाग आपापल्या तालावर उडतो आणि लसिका पुढे जात नाही. मिरवणुकीत ढोल तितकेच वाजतात, पण ताल सुटतो, तसं.

---

पिपेट

आणि पेसमेकर, म्हणजे ताल ठरवणारा? हृदयात वेगळी गाठ असते, आतड्यात काजाल यांच्या नावाच्या वेगळ्या पेशी असतात. इथे कोण?

---

अनुस्पंद

खूप वर्षं अंदाज होता की इथेही आतड्यासारख्या वेगळ्या पेशी असाव्यात. भिंतीत तशा दिसणाऱ्या पेशी सापडल्याही होत्या. मिसुरी विद्यापीठातल्या गटाने उंदरांत एकेक संशयित वेगळा काढून तपासला. बाहेरच्या थरातल्या त्या पेशींतून अ‍ॅनो-वन, कनेक्सिन-४५, एल-टाइप चॅनेल काढून पाहिले, ठोके तसेच. तीच प्रथिनं स्नायूपेशींतून काढली, तर ठोके बिघडले. मग प्रकाशाने चेतवता येतील अशा स्नायूपेशी तयार केल्या. एका जागी प्रकाश टाकला की तिथून आकुंचन सुरू होऊन नळीभर पसरलं. पेसमेकर म्हणजे स्नायूपेशीच. ढकलणारी आणि ताल देणारी एकच.

सर, तुमची "नळीभर वाटली गेली" ही भाषा मी आता वापरणार आहे.

---

उमरेडकर

मॅडम, एल-टाइप कॅल्शियम चॅनेल म्हटलं म्हणून विचारतो. मायले बीपीची अम्लोडिपिनची गोळी हाय. दुकानवाला म्हणे हे कॅल्शियमचीच गोळी हाय. सुज त्याच्यानंच तं नाई नं? बंद करू का?

---

अनुस्पंद

भाऊ, आधी उत्तर: आपल्या मनाने बंद करू नका. वाढलेल्या बीपीने होणारं नुकसान सुजेपेक्षा कितीतरी मोठं असतं.

आता कारण. ही कॅल्शियम देणारी गोळी नाही, कॅल्शियमची वाट अडवणारी आहे. तिने पायावर सूज येऊ शकते हे डॉक्टरांना चांगलं माहीत असतं. मुख्य कारण असं की बारीक धमन्या सैल होतात, केशवाहिन्यांत दाब वाढतो आणि जास्त द्रव पाझरतो. लसिकेच्या स्नायूत तेच चॅनेल असल्यामुळे तिच्यावरही परिणाम होईल अशी शंका येणं साहजिक. डेन्मार्कच्या संशोधकांनी याच जातीच्या निफेडिपिन या औषधावर काम केलं. शरीराबाहेर काढलेल्या मानवी लसिकावाहिनीचे ठोके औषधाने दबले, पण जिवंत माणसाला नेहमीच्या मात्रेत दिल्यावर ते दबलेले दिसले नाहीत.

तेव्हा गोळीचं पाकीट घेऊन डॉक्टरांकडे जा आणि विचारा, "सूज गोळीने असेल का, दुसरी चालेल का?" पर्याय असतात. सूज दोन्ही पायांना आहे की एकाच, हेही सांगा. गोळीची सूज सहसा दोन्हीकडे येते.

---

रात्रपाळी

मी हत्तीरोगाच्या कामात आहे. आमचं रक्त तपासणीचं काम रात्री चालतं, कारण आपल्याकडच्या हत्तीरोगाचे सूक्ष्म जंतू रक्तात रात्रीच वर येतात. लोक विचारतात, भाऊ, दिवसा नाही का जमत? नाही जमत. दहा वाजता दार वाजवलं की शिव्याही ऐकाव्या लागतात, पण तेव्हाच जंतू काचेवर सापडतात.

हे जंतू म्हणजे वुचेरेरिया बॅन्क्रॉफ्टी या कृमीची पिल्लं. प्रौढ कृमी लसिकावाहिनीतच राहतात, वर्षानुवर्षं. मोठ्या नळीत, झडपांच्या आसपास. अल्ट्रासाउंडमध्ये त्यांची वळवळ दिसते. कृमींचा गोळा नळी पूर्ण बुजवतो म्हणून सूज येते असं मलाही वाटायचं. मग आमच्या डॉक्टरांनी सांगितलं की नळी आधी फुगते, सैल पडते, पायावर काही दिसायच्या कितीतरी आधी. अनुस्पंदताईंचं झडपांचं वाचून ते आता नीट उमगलं.

आपला विदर्भ या रोगाचा जुना पट्टा. सेवाग्रामच्या जमनालाल बजाज ट्रॉपिकल डिसीज रिसर्च सेंटरमध्ये निदानाच्या चाचण्यांवर मोठं काम झालं. २०१९ च्या सुरुवातीला तीन औषधं एकत्र देण्याची मोहीम देशात ज्या पहिल्या मोजक्या जिल्ह्यांत झाली त्यात नागपूर होतं: आयव्हरमेक्टिन, डीईसी, अल्बेंडेझोल. गोळ्या समोर गिळायला लावायच्या असतात. माणसं म्हणतात, मला तर काही झालं नाही, कशाला खाऊ? ज्याला काही दिसत नाही त्याच्याच नळीत कृमी नांदत असू शकतो. कृपा करून खा. खिशात घालून घेऊन जाऊ नका.

---

अनुस्पंद

रात्रपाळीभाऊ, तुम्ही लोक दार वाजवता म्हणूनच आमच्या गावातल्या पुढच्या पिढीत तसे पाय दिसत नाहीत. मनापासून नमस्कार.

एक जोड देते. हत्तीपायाच्या माणसाला मधूनमधून थंडी वाजून ताप येतो, पाय लाल होतो, जांघेत गाठ येते. आजीला वर्षातून तीन-चारदा यायचा. घरचे म्हणायचे, अमावास्येला येतो. बहुतेकदा तो बोटांच्या बेचक्यातल्या भेगेतून शिरलेल्या जिवाणूंचा असतो. दाह झाला की आजूबाजूच्या रोगप्रतिकारक पेशी भरपूर नायट्रिक ऑक्साइड सोडतात. एरवी हाच वायू वाहिनीचं अस्तर मोजून-मापून सोडतं आणि दोन ठोक्यांमध्ये स्नायूला सैल व्हायला मदत होते. दाहात तो सगळीकडून येतो, स्नायू सैलच राहतो, ठोके दबतात. २०११ साली उंदरांत हे नीट दाखवलं गेलं. प्रत्येक तापागणिक आजीचा पाय थोडा वाढायचा तो का, हे मला तेव्हा कळलं. ती गेल्यावर सोळा वर्षांनी.

रोज साध्या साबणाने पाय धुणं, बेचक्या कोरड्या करणं, भेगेला मलम लावणं, बसल्यावर पाय वर ठेवणं. आजीला हे कुणी सांगितलं नव्हतं. घरात साबण होता, पाणी होतं.

---

केशरकाठी

मी फार लिहीत नाही, वाचते. दोन वर्षांपूर्वी स्तनाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झाली, काखेतल्या लसिकागाठी काढल्या. उजवा हात जड राहतो. "पाण्याची बादली उचलायची नाही" असं नात्यातल्या सगळ्यांनी बजावलंय. त्या भीतीने मी हात वापरणंच सोडलं. माझ्या नळ्यांचे ठोके बंद पडले असतील का, ताई?

---

अनुस्पंद

ताई, बंद पडलेत असं समजू नका. गाठी काढल्या की पुढची वाट अरुंद होते, म्हणून हातातल्या वाहिन्यांना जास्त दाबाविरुद्ध ढकलावं लागतं. काहींमध्ये तो पंप पुढे दमतो. म्हणूनच दाबाची पट्टी किंवा बाही देतात. तिने पाझर कमी होतो आणि फुगलेल्या नळीला बाहेरून आधार मिळतो.

आणि भीतीबद्दल. २००९ साली स्तनाच्या कर्करोगानंतर हाताला सूज असलेल्या स्त्रियांवर मोठी चाचणी झाली. प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली, हळूहळू वाढवत नेलेल्या वजनांच्या व्यायामाने सूज वाढली नाही, उलट ती अचानक बळावण्याचे प्रसंग कमी झाले. लिंफिडिमाचं, म्हणजे लसिकेच्या सुजेचं, काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टकडे जा, बाहीचं माप त्यांच्याकडूनच घ्या. हात वापरायचा असतो. मला व्यक्तिगत निरोप करा, मी सोबत येईन.

---

पिपेट

सेमिनारसाठी वाचताना एक सापडलं. फॉक्स-सी-टू या जनुकात दोष असला तर पायाला सूज येते आणि पापण्यांना केसांची दुसरी रांग असते. त्यात झडपा नीट बनत नाहीत, आणि जिथे स्नायू नसायलाच हवा त्या सुरुवातीच्या बारीक केशिकांवर स्नायूपेशी चढून बसतात. स्नायू असणं पुरेसं नाही, योग्य जागी असणंही लागतं. कौल उचललं जायला भिंत मोकळीच हवी.

---

निवृत्त_प्राणीशास्त्र

शाब्बास. सेमिनार कधी आहे ते कळव, मी येऊन मागे बसेन.

---

उमरेडकर

मॅडम, मायले सारं वाचून दाखवलं. ते म्हणे, छातीचे ठोके मशीनवर दिसतेत, मंग पायाचे काहून नाई दिसत?

---

अनुस्पंद

भाऊ, आईंना सांगा की दिसतात. इंडोसायनिन ग्रीन नावाचा रंग पावलाच्या त्वचेत अगदी थोडा टोचतात आणि डोळ्यांना न दिसणाऱ्या जवळच्या अवरक्त प्रकाशाच्या कॅमेऱ्याने पाहतात. निरोगी पायात उजळ रेघ दिसते आणि तिच्यातून ठिपके टप्प्याटप्प्याने वर सरकतात. दमलेल्या पायात रेघ तुटते आणि रंग त्वचेत धुरासारखा पसरतो.

तोवर घरी एक करा. घोट्याच्या हाडापासून चार बोटं वर पेनाने खूण करा. शिंप्याच्या टेपने दोन्ही पाय मोजा, उठल्याबरोबर आणि दिवेलागणीला. आठवडाभर लिहून ठेवा. डॉक्टरांना "टम्म" या शब्दापेक्षा त्या आकड्यांचा उपयोग जास्त होतो.

---

उमरेडकर

केली खूण. डावा सकाळी २३, संध्याकाळी २६. उजवा २२ अन् साडेबावीस. माय म्हणे मीच लिवतो, तिसरी शिकली हाय ते. वहीच्या पहिल्या पानावर तिनं तारीख टाकली. बुधवारी गोळीचं पाकीट अन् वही दोनी घेऊन मेडिकल कॉलेजच्या दवाखान्यात येतो.